उन्हातली आग

झुंबरबाई : समदी वतली?

सावळेराम : वैनी, आधी टेका जरा. केवढा चढ चढून आलाय.

झुंबरबाई : टेकायला न्हाई आले मी. इचारते तेवढं सांग. माझा डबा हितं रिकामा पडलाय. समदी वतली का?

सावळेराम : समदी.

माणिकचंद : काय ओतली? सावळेराम, बाई काय म्हणतायत? टाकी आटली म्हणून तू मागचा डबा रिकामा केलास, ते मी पाहिलं. पेट्रोलचाच डबा होता ना तो?

सावळेराम : डबा पेट्रोलचाच व्हता, शेट.

माणिकचंद : आणि आत?

सावळेराम : आत मोहाची.

माणिकचंद : मोहाची काय?

सावळेराम : तुमच्या कानाला चालंल का नाव घेतल्यालं?

माणिकचंद : दारू! माझ्या गाडीत दारू! अरे, पुण्याच्या लिलावात ही लॉरी घेतली तेव्हा जुन्नरपर्यंत सगळा रस्ता मी नवकार म्हणत आलो. आज चौदस, माझा उपास. सकाळपासून उकळलेल्या पाण्याशिवाय पोटात काही नाही. आणि गाडी पिऊन बसली!

सावळेराम : प्याली ती गाडी, शेट. तुमचा उपास कुठं मोडला?

माणिकचंद : तिच्या पोटावर मीच बसलो होतो ना! आणि बाई, तुम्ही तरी. पेट्रोलच्या डब्यात दारू भरून माझ्या गाडीत ठेवलीत. विचारलं नाही, सांगितलं नाही.

झुंबरबाई : सांगितलं असतं तर ठिवू दिली असती? घोडेगावच्या नाक्यावर अबकारीचा शिपाई बसतो. मडकं दिसलं की काठी घालतो. मोटारीच्या डब्याला कोन हुंगत न्हाई. भावानं माझ्या ही अक्कल काढली.

सावळेराम : मी हुंगलं, वैनी. चूक माझीच. घोडेगावात बघितलं तर आपला दुसरा डबा सगळा गळून गेलेला. टाकीत दोन बोटं तेल. तेवढं चढाला मागं सरतं, इंजिनापत्तुर पोचत नाय. तुमी गाडीच्या चालीला कंटाळून आडवाटनं गेलात. मी मागं चढलो, डबा दिसला, झाकण काढलं. पहिल्या धारेची, काडी दावली तर पेटंल अशी. म्हटलं, कुणा हमालानं लपवलीय, मरू दे. बसऱ्याला लढाईत आमी पेट्रोलमधे असलंच काय काय मिसळलंय. चालायच्या गाड्या.

झुंबरबाई : हमालाची न्हाई ती. बहिरूची हाय.

सावळेराम : कुणाची?

झुंबरबाई : माझ्या मालकाची. ज्याच्या ताटात तू तिकडं लढाईत जेवला, त्येची. आज वरीस झालं. मागल्या साली ह्याच दिसाला सरकारी कागद आला तळेघरला, तुमचा मानूस तापानं गेला म्हनून. गेला कवा ते कुनाला ठावं? आमी कागदाचा दिस धरलाय.

सावळेराम : मला वाटलं, तुमी माहेरी आला व्हता अन् सहज गाडीत बसलात.

झुंबरबाई : माहेरी ह्याच्यासाठीच आले व्हते. आमच्यात मेलेल्या मानसाला वर्साच्या दिवशी त्याच्या उंबऱ्यावर धार घालतात. त्याच्या घरच्या मोहाची. दिस बुडायच्या आत. मग त्यो आत येतो, मूठभर भाताचा वास घेतो आन मोकळा व्हतो. धार चुकली तर आनखी वरीसभर भायेर. आमचा मोह तर तापाच्या साथीत सासऱ्यांच्या सरनाला तोडला. भावाच्या बांधाला बहिरूनं लावलेला एक व्हता, त्याचीच फुलं उन्हाळ्यात वाळवून ठिवली. एक डबा निघाला. एकच.

माणिकचंद : दुसरी कुठून मिळाली तर? म्हणजे मी काही आणून देणार नाही, पण तुमच्या वाडीत असेलच की कुणाकडे.

झुंबरबाई : दुसऱ्याच्या मोहाची त्याला कशी पोचंल, शेट? तुमच्या बापाचं सराध दुसऱ्याच्या बापाच्या नावानं करता का?

माणिकचंद : आम्ही श्राद्ध करत नाही, बाई. पण समजलं मला.

झुंबरबाई : सूर्य पार कललाय. हितनं तळेघर दोन कोस. बोल भाऊ, काय करतोस?

सावळेराम : थांबा. थांबा जरा. ती समदी जळाली नसंल.

माणिकचंद : दोन वळणं तर आलो आपण तिच्यावर.

सावळेराम : दोनच वळणं आलो, म्हणून तर म्हणतो. नीट ऐका, शेट. पेट्रोलमधे दूध-पाण्यासारखी मिसळती ती निव्वळ कोरडी दारू. गावठीत पाणी असतं. ती तेल-पाण्यासारखी न्यारी राहती. रस्त्याला गाडी हिंदकळली तवर घुसळून चालली. गाडी थोडी निवांत झाली की दारू जड म्हणून तळाला बसती, पेट्रोल वर तरंगतं. अन् इंजिनाकडं जाणारी नळी असती तळाला.

माणिकचंद : म्हणजे इंजिनाला नुसती दारू गेली.

सावळेराम : म्हणून तर खोकली अन् बसली. हे इंजिन तिच्यासाठी घडवल्यालंच नाय.

झुंबरबाई : खोकली ते म्या ऐकलं.

सावळेराम : आडवाटंला?

झुंबरबाई : करवंदीच्या जाळीपाशी व्हते. दोनदा खोकली, मग जरा थांबून तिसऱ्यांदा. बहिरू पहाटं उठला की असाच खोकायचा. दोनदा, आन मग तिसऱ्यांदा. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पानी देऊ का?"

माणिकचंद : बाई, कृपा करा, दुपारी असलं बोलू नका.

झुंबरबाई : मी काय राती बोलतेय का?

सावळेराम : डबा द्या हिकडं. टाकीच्या तळाला नळ हाय. सोडला की आधी तळातली येईल. तुमची तुमाला मिळंल.

झुंबरबाई : धर. सांडू नगंस.

सावळेराम : शेट, हा दगड चाकाखाली लावा. मोठा लावा. मी खाली शिरतो.

माणिकचंद : लावला. काय येतंय?

सावळेराम : येतीय, येतीय. धार धरली. बघा वैनी, पाण्यासारखी नितळ.

झुंबरबाई : वास बदालला.

सावळेराम : पेट्रोलचा लागलाच थोडा.

झुंबरबाई : लागू दे. दीड वरीस त्यो त्याच वासात राह्यला तिकडं. वळखंल. किती आली?

सावळेराम : डबा भरत आला. चार बोटं कमी. तेवढी जळाली. आता रंग बदलला, हे पेट्रोल. बंद करतो.

झुंबरबाई : चार बोटं. चालंल. दे, मी हितं सावलीला ठिवते.

माणिकचंद : ठिबकतोय तो डबा, बाई. वाटभर थेंब पडतायत.

झुंबरबाई : खालनं भिजलाय. पुसते पदरानं. भाऊ, तू त्याच्याजवळ व्हतास ना शेवटाला? पानी कोनी दिलं त्याला?

सावळेराम : दवाखान्यात व्हता तो, वैनी. तीन दिवस. आमाला आत सोडत नव्हते.

झुंबरबाई : मला सपनात येतो. दर आवसंला. अंगनात उभा राहतो, आत येत न्हाई. मी म्हनते, ये की. त्यो नुसता बघतो. आन हात असे धरतो, हे बघ. दोनी हात अंगापास्नं लांब, बोटं फाकून. नव्या नवरीची मेंदी ओली असावी तसं.

सावळेराम : असं धरतो?

झुंबरबाई : अस्संच. का रं?

सावळेराम : काय नाय. शेट, तुमी चाकावर नजर ठेवा. मी हँडल मारून बघतो. टाकीत आता पेट्रोल हाय, थोडी जरी चढली तरी एक कोस वाचंल.

माणिकचंद : हळू. मागच्या वेळी तुझा अंगठा सुजला होता.

सावळेराम : एक. दोन. खोकली.

झुंबरबाई : त्येच. ऐकलं?

सावळेराम : तिसऱ्यांदा. हां! तोंडातनं भडका टाकला बघा तिनं. नाय चालायची. टाकीतनं इंजिनात तेल जायच्या आधी ज्या पितळी डबीत साचतं, तिच्यात अजून दारूच हाय. थांबा, झाकण उघडतो. हे बघा, डबी वाहून चालली. संपलं काम.

माणिकचंद : काय झालं?

सावळेराम : ह्या डबीत एक बूच तरंगत असतं. डबी भरली की बूच वर येतं अन् तेलाचं भोक बंद करतं. त्या बुचाला लाखेचा हात दिल्याला असतो, आत तेल शिरू नये म्हणून. पेट्रोलला लाख दाद देत नाय. दारूत ती विरघळती. बूच भिजलं, बुडालं, आता भोक बंद करायला कुणी नाय. सगळं वाहून खाली गळतंय.

माणिकचंद : नवं बूच?

सावळेराम : पुण्याला.

माणिकचंद : छान. म्हणजे चाळीस पोती मीठ अन् जोंधळा इथंच, आणि आम्ही — आई गं!

सावळेराम : काय झालं?

माणिकचंद : चावलं काही तरी. हाताला. मी फक्त झाकणाच्या कडेला हात टेकायला गेलो.

सावळेराम : गरम असंल पत्रा.

माणिकचंद : पत्र्याला लागलाच नाही हात. वीतभर वर होता. हवेत चावलं. बघ, फोड आला.

झुंबरबाई : शेट, तुमचं उपरनं.

माणिकचंद : काय?

झुंबरबाई : टोकाला काळं व्हतंय.

माणिकचंद : कुठे? अरे... हे काय आहे? सावळेराम, हे वर वर सरकतंय. कापड काळं होतंय आणि काहीच दिसत नाही! जाळ नाही, धूर नाही!

सावळेराम : फेका ते! फेका, शेट! हात लावू नका!

माणिकचंद : फेकलं. नवकार... नमो अरिहंताणं... काय आहे ते?

झुंबरबाई : गप बसा जरा. गवताकडं बघा.

माणिकचंद : कुठल्या?

झुंबरबाई : गाडीखालनं निघालंय. त्यो काळा ठिपका बघा. आता त्याच्याम्होरं दुसरा. गवत आपसूक वाकतंय आन काळं पडतंय.

माणिकचंद : वारा असेल.

झुंबरबाई : वाऱ्यानं गवत काळं पडतं का? तिसरा. कोनी तरी चालत येतंय. डब्याकडं येतंय.

सावळेराम : वैनी, मागं व्हा.

झुंबरबाई : त्याची हाय, म्हनून येतोय त्यो. उंबऱ्यापत्तुर धीर न्हाई निघाला.

सावळेराम : मागं व्हा म्हणतो ना! हवा हलतीय तिथं. भर उन्हात पत्र्यावर हलती तशी. मला... मला हे ठाऊक हाय. मी हे बघितलंय कुठं तरी.

झुंबरबाई : शेट, मीठ द्या.

माणिकचंद : मीठ?

झुंबरबाई : फाटक्या पोत्यातलं! दोन मुठी! भायेरचं काय हाय ते मिठाला वळखू येतं. द्या लवकर, डब्याला दोन हात ऱ्हायलेत!

माणिकचंद : हे घ्या. हे घ्या.

झुंबरबाई : आल्या-गेल्याची, वाटंची, पान्याची, ज्या कोनाची असंल त्याची... बहिरू, तू असशील तर दिस!

माणिकचंद : पेटलं! आग! अहो, केवढी आग! पिवळी!

झुंबरबाई : उभा राह्यला. छातीइतका उभा राह्यला.

सावळेराम : माती टाका! शेट, माती! दोन्ही हातांनी! गाडीखाली मी टाकतो, तुमी डब्याकडची वाट तोडा!

माणिकचंद : टाकतोय! टाकतोय! इकडचं विझलं.

सावळेराम : विझलं का? डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. हात फिरवून बघा वरनं. लांबनं.

माणिकचंद : नाही. थंड आहे. विझलं.

सावळेराम : हिकडचंबी.

माणिकचंद : बसतो मी. आकाशातून आली का रे ती आग?

सावळेराम : नाय, शेट. ती आधीपासनंच व्हती. इंजिनानं भडका टाकला तवाच गळालेल्या दारूनं पेट घेतला. दारूची आग निळी, पाण्यासारखी. भर उन्हात ती दिसत नाय. तुमच्या उपरण्याला लागली, थेंबाथेंबानं डब्याकडं निघाली, अन् आपण बघत उभे. मीठ पडलं अन् तिला रंग आला.

माणिकचंद : हो. समईत मीठ पडलं की वात पिवळी तडतडते, पाहिलंय मी. म्हणजे भुताचं काही नव्हतं.

झुंबरबाई : भाऊ. तू रडतोस का?

सावळेराम : वैनी, बहिरू तापानं नाय गेला.

झुंबरबाई : कागदावर ताप हाय.

सावळेराम : कागद साबानं लिवला. साबाला डाक्टरनं सांगितलं ते लिवलं. कुणी खोटं नाय बोललं. मला सुदीक आत्तापत्तुर ठाऊक नव्हतं. तुमची शपथ. त्या मिठात दिसलं मला आत्ता.

झुंबरबाई : काय दिसलं?

सावळेराम : दुपार व्हती. तिकडचं ऊन म्हणजे डोळं उघडायचं काम नाय. पेट्रोल आलं नव्हतं. दवाखान्याचं स्पिरिट मिसळा म्हणून हुकूम झाला. बहिरू डबा खांद्यावर धरून वतत व्हता, मी पुढनं हँडल मारत व्हतो. त्याच्या बाह्यांवर, छातीवर सांडलं. म्हणाला, "गार लागतंय रं, बरं वाटतंय." हँडलाला गाडी खोकली. मग भडका टाकला. बास. काय पेटलं नाय. काय दिसलं नाय.

झुंबरबाई : मग?

सावळेराम : मग बहिरू नाचायला लागला.

माणिकचंद : नाचायला?

सावळेराम : हात अंगापासनं लांब धरून. बोटं फाकून. एका पायावर, दुसऱ्या पायावर. तोंड उघडं, पण आवाज नाय. आमी पंधरा-वीस जण व्हतो सावलीला. कुणी तरी म्हणालं, बहिऱ्या प्याला, स्पिरिट प्याला. सगळे हसलो. आमी टाळ्या धरल्या, वैनी. त्याच्या नाचाला ताल धरला.

झुंबरबाई : तूबी?

सावळेराम : मी शीळ घातली.

माणिकचंद : अरेरे.

सावळेराम : मग तो नदीकडं पळत सुटला. मधेच पडला. आमी गेलो तर कपडं काळं, कातडी सोललेली. आग कुठं नाय. डाक्टर म्हणाला, उन्हानं झालं, तिकडं व्हतं असं. मग ताप चढला. तीन दिवसांनी गेला. जेठ महिना व्हता.

माणिकचंद : आणि कुणीच पाणी नाही ओतलं त्याच्यावर?

सावळेराम : कशावर वतणार, शेट? आग दिसली असती तर वीस जण धावलो असतो. चार पखाली भरून उभ्या व्हत्या तिथंच.

माणिकचंद : बाई, इथे सावलीला बसा जरा.

झुंबरबाई : म्हनून आत येत न्हाई त्यो.

माणिकचंद : काय?

झुंबरबाई : घरात चूल असती ना. मी त्याला म्हनायची, ये, चुलीपाशी ये, गारठलास. लाकडं सारून जाळ मोठा करायची. त्यो मागं मागं जायाचा. मला वाटायचं, माझ्यावर रुसलाय.

सावळेराम : वैनी, मला मारा. चप्पल घ्या, मारा.

झुंबरबाई : मारून काय व्हईल? दिस किती ऱ्हायला, शेट?

माणिकचंद : दोन-अडीच तास असेल. चला, डबा मी उचलतो. हो, मीच उचलतो. माझ्या उपासाचं मी बघून घेईन. तुमची धार चुकायला नको.

झुंबरबाई : ठिवा तो खाली.

माणिकचंद : का?

झुंबरबाई : जो जळून गेला, त्याला आमच्यात दारू घालत न्हाईत. त्याला पानी. जळत्या मानसावर दारू वतल्यासारखं हाय ते. मी आज ही धार उंबऱ्यावर घातली असती, शेट. आख्खी वाडी उभी असती, डोईवर पदर घेऊन. समद्यांच्या म्होरं मी माझ्या हातानं त्याला आनखी पेटवला असता.

माणिकचंद : झाकण घट्ट लावून ठेवू का मग इथेच?

झुंबरबाई : लावा. दगड ठिवा वर. आन चला.

सावळेराम : मी कुठल्या तोंडानं येऊ? तुमी जावा. मी गाडीपाशी थांबतो.

झुंबरबाई : तू न्हाई तर कोन? माझ्या दिराला सांगू का, धार घाल म्हनून? त्यानं न्हाई बघितलं त्याला जळताना. तू बघितलंस. तूच घालायचं पानी.

सावळेराम : वैनी...

झुंबरबाई : ऊठ. मला रडायला घरी गेल्यावर येळ हाय.

सावळेराम : शेट, तुमी? गाडी, माल...

माणिकचंद : मी येतो तुमच्याबरोबर.

सावळेराम : दोन कोस चढ हाय. उपाशी हाव तुमी.

माणिकचंद : असू दे. ह्या गाडीपाशी मी एकटा बसू? पुन्हा खोकली तर?

सावळेराम : भुताचं काय नव्हतं, म्हणालात ना आत्ता?

माणिकचंद : म्हणालो. चल, पुढे हो तू.

(तळेघर. उन्हं डोंगराच्या कडेला टेकली आहेत. झुंबरबाईच्या घरापुढे तिघे उभे.)

झुंबरबाई : भिमाजी भावजी, चूल इझवा. न्हाई, भात न्हाई लावायचा आज. निखारा ठिवू नका एकबी, राख सुदीक भायेर काढा. देवापुढचा दिवा राहू द्या, पन परातीखाली झाका. इचारू नका आत्ता काय ते, मागनं सांगते. बायकांना म्हनावं लांब उभ्या ऱ्हावा.

माणिकचंद : मी कुठे उभा राहू?

झुंबरबाई : तितं, पडवीच्या कडंला. चपला काढा. भाऊ, ह्यो तांब्या. आन ह्यो हंडा झऱ्यावरनं भरून आनलाय. उंबऱ्याच्या मधल्या दगडावर घालायचं. नाव घेऊन.

सावळेराम : अन् धार दगडावर नाय पडली तर?

झुंबरबाई : घाल तू. पानी खालीच जातं.

सावळेराम : बहिरू... बहिऱ्या, हे पाणी.

माणिकचंद : आवाज आला.

सावळेराम : चरचरलं, वैनी. तव्यावर पाणी पडावं तसं. वाफबी निघाली.

माणिकचंद : दगड दिवसभर उन्हात तापला असेल.

झुंबरबाई : ह्या उंबऱ्याला ऊन लागत न्हाई, शेट. वर डोंगर हाय. बारा महिने गारच असतो ह्यो दगड. उन्हाळ्यात बहिरू ह्याच्यावर गाल टेकून निजायचा.

माणिकचंद : मग थंडीची वाफ असेल. डोंगरात संध्याकाळी दिसते अशी.

झुंबरबाई : असंल. आनखी घाल, भाऊ.

सावळेराम : घातलं. तांब्या सरला.

झुंबरबाई : भर.

सावळेराम : सातवा तांब्या हा. पाणी पडल्याबरोबर सुकतंय. दगड भिजून काळा पण व्हत नाय.

माणिकचंद : हंडा तळाला आला, बाई. मी आणतो दुसरा. झरा कुठे आहे?

झुंबरबाई : घराच्या मागं, उंबराखाली. पानी गाळून प्यायचं असतं तुमाला, ठावं हाय मला. हे प्यायचं न्हाई, न गाळता आना. लवकर.

सावळेराम : वैनी, तो आलाय का?

झुंबरबाई : तुझ्या म्होरंच हाय. वर बघू नगंस. दगडाकडं बघ.

सावळेराम : हात... हात कसे धरलेत त्यानं?

झुंबरबाई : तसंच अजून. लांब. तू पानी घाल.

माणिकचंद : हा घ्या हंडा. अर्धा सांडला वाटेत. दुसरा आणतो.

सावळेराम : दिस बुडत आला. अजून चरचरतंय. किती घालू, वैनी?

झुंबरबाई : इझंस्तवर.